बदलत्या पानांचं कॅशिंग आपोआप: नियम पानाला नाही, डेटाला लावा

प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळची एक बाग. एकाच साइटवर हापूसच्या पेट्यांची विक्री, चार खोल्यांचं होमस्टे आणि मालवणच्या होडीफेऱ्यांचं वेळापत्रक. साइट पीएचपीत (पानं तयार करणारी भाषा), पुढे एन्जिनएक्स (विनंत्या घेऊन पानं देणारा आणि साठवणारा प्रोग्रॅम), सगळं एका भाड्याच्या सर्व्हरवर. एप्रिलमध्ये दराची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली की साइट बसते. आजवर कॅशचा, म्हणजे तयार पान साठवून तेच पुन्हा देण्याचा, नियम पानागणिक हाताने लिहिला. नवीन पान आलं की त्याचा नियम राहून जातो, जुना नियम काढायला कुणी धजत नाही. हे आपोआप कसं करावं, की सगळ्या पानांना सरसकट १० मिनिटं लावून मोकळं व्हावं?

सरसकट लावू नका. दर १० मिनिटं शिळा दिसला तर फार तर एखादा फोन जास्त येईल. पण एका गिऱ्हाइकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर असलेलं ऑर्डरचं पान पुढची १० मिनिटं दुसऱ्यांना दिसलं तर ते निस्तरता येत नाही. २५ डिसेंबर २०१५ला स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात नेमकं हेच घडलं. हल्ल्याचा भार आवरायला कॅशचं नवं कॉन्फिगरेशन चढवलं आणि लॉगिन केलेल्यांची पानं भलत्यांनाच दिसू लागली. कंपनीच्याच निवेदनात सुमारे ३४,००० जणांचा आकडा होता. कॅशमधल्या बहुतेक चुका साइट हळू करतात, ही एकच चूक माहिती बाहेर सांडते. त्यामुळे आपोआपचं जे काही कराल त्याचा पाया एकच ठेवा: काही ठरवता आलं नाही तर कॅश करायचं नाही.

आता पद्धत. पान किती वेळ ठेवायचं हे पानाच्या पत्त्यावरून ठरत नाही, ते पान तयार होताना कोणता डेटा वाचला त्यावरून ठरतं. दराचं पान दरांचं टेबल वाचतं, खोलीचं पान खोली आणि फोटो वाचतं, कार्ट सेशन (त्या पाहुण्याची सर्व्हरवरची नोंद) वाचतं. म्हणून नियम डेटाला लावा आणि पानाचा नियम प्रत्येक विनंतीच्या वेळी कोडलाच काढू द्या. तुमची पानं दीडशे असतील, पण डेटाचे प्रकार दहा-बाराच निघतील, आणि नवीन पान जोडलं तरी ते यांतलंच काहीतरी वाचणार.

कोडमध्ये हे असं बसतं. विनंती आली की एक रिकामी नोंद उघडायची: खुणांची यादी, कालमर्यादा आणि 'खासगी' हा झेंडा. डेटाबेस वाचणाऱ्या थरात एक आकडी (हूक) अडकवायची, म्हणजे प्रत्येक वाचनाबरोबर चालणारा कोड. ३ नंबरची खोली वाचली की 'खोली-३' ही खूण यादीत पडते आणि खोल्यांसाठी ठरवलेली मर्यादा आधीच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर ती लागू होते. म्हणजे पानाची मर्यादा ही त्याने वाचलेल्या सगळ्यांत नाशिवंत गोष्टीची मर्यादा. सेशन, कार्ट किंवा गिऱ्हाइकाचं टेबल वाचलं की झेंडा वर, आणि त्या विनंतीपुरता तो पुन्हा खाली येत नाही. एखाद्या वाचनाला मर्यादाच नेमलेली नसेल तरीही झेंडा वर. हे शेवटचं कलम सोडू नका. नवीन टेबल जोडून नियम विसरलात तर पान हळू चालेल, पण खासगी माहिती फुटणार नाही.

शेवटी प्रतिसादासोबत दोन हेडर (पानासोबतच्या सूचना) जातात. एन्जिनएक्ससाठी 'एक्स-अ‍ॅक्सेल-एक्सपायर्स', त्यात सेकंद. खासगी असेल तर शून्य, म्हणजे साठवू नको. ब्राउझरसाठी 'कॅश-कंट्रोल'. एन्जिनएक्स पहिल्याला प्राधान्य देतो आणि तो बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे सर्व्हरला एक आणि मोबाइलला वेगळं सांगता येतं. पहिला हेडर कोडमधून आधी पाठवा. जुन्या आवृत्त्यांत 'कॅश-कंट्रोल' आधी आला आणि त्यात 'नो-कॅश' असलं तर साठवणंच रद्द होतं. एवढं केलं की एन्जिनएक्सच्या फाइलमध्ये पानागणिक काहीच उरत नाही. दीडशे नियम लिहून देणारी स्क्रिप्ट करायचा मोह होतो, तो टाळा. ती हाताच्याच कामाची वेगवान नक्कल असते.

आकडी चुकवणाऱ्या काही गोष्टी आहेत. सर्वांत फसवी म्हणजे यादी. चार खोल्यांची यादी तयार झाली, तिला चार खुणा लागल्या. उद्या पाचवी खोली जोडली तर तिची खूण या पानावर नाहीच, कारण पान बनलं तेव्हा ती खोली नव्हती. म्हणून यादी किंवा शोध वाचला की 'खोल्या-यादी' अशी पूर्ण टेबलाची खूणही घाला, शोधातून काही सापडलं नसलं तरी. दुसरी, थेट लिहिलेली एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला परस्पर केलेली विचारणा. ती आकडीतून जात नाही, तेव्हा तिला डीफॉल्ट खासगी ठरवा आणि लागेल तिथे खूण हाताने द्या. तिसरी गोष्ट घड्याळ. 'आज'चा दर, 'पुढची फेरी', 'पुढची भरती' यांत डेटा न बदलताही पान बदलतं. तारीख देणारं फंक्शन एकच ठेवा आणि त्यालाही आकडी लावा: 'आज' विचारलं की मर्यादा मध्यरात्रीपर्यंतच. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असेल तर ही 'मध्यरात्र' आपल्याकडे पहाटे ५:३०ला होते आणि तोवर कालचा दर 'आजचा' म्हणून झळकतो. भरतीचं तर सोपं आहे. तिथीच्या पाऊणपट तास हा किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब घ्या की छापील तक्ता, वेळ आधीच ठाऊक असते. अशा ठिकाणी ठोकळ १० मिनिटं लावण्यात अर्थ नाही. भरतीला उरलेली मिनिटं हीच मर्यादा.

किती सेकंद, हा आकडाही हाताने ठरवायची गरज नाही. बहुतेक टेबलांत शेवटच्या बदलाची वेळ असते, बदलांची नोंद वेगळी ठेवलीत तर आणखी बरं. गेल्या ७ दिवसांतल्या लागोपाठच्या बदलांमधली अंतरं काढा, लहानाकडून मोठ्याकडे लावा, खालून दहाव्या टक्क्यावरचं अंतर घ्या आणि त्याचा चौथा भाग ही मर्यादा. खाली ५ सेकंदांची आणि वर एका दिवसाची टोपी. हा नियम काही शास्त्र नव्हे, सुरुवातीला पुरणारा अंदाज आहे. रोज रात्री नव्याने मोजा, पण एक पथ्य पाळा. मर्यादा कमी करायची तर लगेच, वाढवायची तर एका रात्रीत दुपटीपेक्षा जास्त नाही. तरीही मार्चमध्ये पंचाईत होऊ शकते. वर्षभर दराचं टेबल हललेलं नसतं, मर्यादा दिवसावर जाऊन बसलेली असते, आणि पहिली पेटी बाजारात गेली की दर रोज सकाळी बदलू लागतो. दर, फेऱ्या, उपलब्धता अशा पैशांच्या टेबलांना म्हणून वरची टोपीच कमी द्या, दराला १० मिनिटं, उपलब्धतेला ३० सेकंद.

मर्यादा वाढवून फार काही हाती लागत नाही, हेही इथेच बघून घ्या. विनंत्या सुट्या-सुट्या येत असतील तर कॅशमधून भागणाऱ्या विनंत्यांचं प्रमाण काढायला सोपं सूत्र आहे: मर्यादेच्या काळात सरासरी जितक्या विनंत्या येतात, तो आकडा भागिले त्यातच एक मिळवलेला आकडा. मिनिटाला २ विनंत्या आणि १० मिनिटं मर्यादा म्हणजे २० भागिले २१, ९५ टक्के. तीच मर्यादा तासाची केली तर १२० भागिले १२१, ९९ टक्के. चार टक्क्यांसाठी शिळेपणा सहापट. उलट तासाला एकच विनंती येणाऱ्या पानाला १० मिनिटं लावलीत तर १४ टक्के. त्या पानाला कॅशचा उपयोग जवळजवळ नाही, त्याची क्वेरी सुधारा. आणि लिंक फिरल्यावर सेकंदाला ५० विनंत्या येत असतील तर ५ सेकंदांची मर्यादाही त्यांतल्या २५० पैकी २४९ अडवते. तुमचा एप्रिलचा त्रास एवढ्यानेच बराचसा मिटतो.

एन्जिनएक्समध्ये एकदाच लिहायच्या ओळी पाच-सहा आहेत, पण त्यांच्या डीफॉल्टमध्ये खाचा आहेत. किल्ल्यांसाठी (साठवलेल्या पानांच्या नावांसाठी) १ एमबी जागेत सुमारे ८,००० नोंदी मावतात, तेव्हा तुम्हाला १० एमबी चिकार. 'इनअ‍ॅक्टिव्ह' डीफॉल्ट १० मिनिटं असतं. पान तासभर ठेवायला सांगितलं तरी १० मिनिटांत कुणी मागितलं नाही तर ते फेकलं जातं. ते १ दिवस करा. 'लॉक' चालू करा, नाहीतर कॅशमध्ये पान नसताना आलेल्या पन्नास विनंत्या एकदम पीएचपीवर पडतात. साइट बसते ती बहुधा याच क्षणी. सोबत 'यूज-स्टेल'मध्ये (जुनं पान कधी चालवून घ्यायचं) 'अपडेटिंग', 'एरर', 'टाइमआउट' आणि 'बॅकग्राउंड-अपडेट' चालू, म्हणजे मर्यादा संपल्यावर एक विनंती मागे नवं पान आणते आणि बाकीच्यांना क्षणभर जुनं मिळतं. पीएचपी कोलमडली तरी दराचं पान दिसत राहतं. म्हणून दरासमोर 'सकाळी ७:१०चा दर' अशी वेळ पानावरच छापा. शिळा दर वेळेसकट दिसला तर गिऱ्हाईक भांडत नाही.

आता सेट-कुकी, म्हणजे ब्राउझरला ओळखीची चिठ्ठी (कुकी) देणारा हेडर. प्रतिसादात कुकी असली की एन्जिनएक्स तो साठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पीएचपीत बहुतेक साइट पहिल्याच ओळीत सेशन सुरू करतात, त्यामुळे नुसतं वेळापत्रक बघायला आलेल्यालाही कुकी मिळते आणि काहीच साठत नाही. हेडर तपासा. 'एक्सपायर्स'मध्ये १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख दिसली तर ती पीएचपीच्या सेशननेच घातलेली आहे. यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे एन्जिनएक्सला सेट-कुकीकडे दुर्लक्ष करायला सांगणं. ती ओळ लिहू नका. कुकी लपवायची दुसरी ओळ सोबत नसेल तर पहिल्या पाहुण्याची सेशन-कुकी पानासकट साठते आणि पुढच्या प्रत्येकाला वाटली जाते, म्हणजे सगळे एकाच कार्टमध्ये. खरा उपाय कोडमध्ये आहे: सेशन गरज पडेल तेव्हाच उघडा. वरच्या पट्टीतलं नाव आणि कार्टमधला आकडा पानातून काढा आणि पान उघडल्यावर एका छोट्या वेगळ्या विनंतीने आणा. फॉर्ममधलं सुरक्षा-टोकनही (फॉर्म खरा आहे हे पटवणारा गुप्त संकेत) तसंच आणा. वर्डप्रेसमध्ये तर टोकन १२ ते २४ तासांतच मरतं, जुन्या साठवलेल्या पानावरचा फॉर्म मग मुकाट्याने नाकारला जातो. खोलीच्या पानाचेही असेच दोन तुकडे होतात. वर्णन आणि फोटो दिवसभर, तारखांचं कॅलेंडर ३० सेकंद. एकच खोली दोघांना जाण्याचा प्रश्न मात्र कॅशवर सोपवू नका. खोली आणि तारीख या जोडीवर डेटाबेसमध्येच अनन्यतेची अट हवी, मग कॅलेंडर काहीही दाखवो.

किल्ली, म्हणजे कोणतं पान कोणत्या नावाने ठेवायचं. सहसा तिथे पत्ता जसाच्या तसा घेतला जातो, मागच्या शेपटीसकट (प्रश्नचिन्हानंतरचा भाग). फेसबुकवरून आलेल्या प्रत्येक लिंकला वेगळी शेपटी असते, म्हणजे एकच दराचं पान हजार नावांनी साठतं आणि कामाला येत नाही. म्हणून किल्ली अशी बांधा: होस्ट, मूळ विनंतीतला प्रश्नचिन्हाआधीचा भाग, आणि मग शेपटीतली फक्त कामाची मापं (पॅरामीटर) ठरलेल्या क्रमाने, उदाहरणार्थ पान-क्रमांक, आगमन, रात्री. मापांच्या मध्ये एखादं चिन्ह टाका, नाहीतर '१' आणि '२३' यांची किल्ली '१२' आणि '३' यांच्यासारखीच होते. कोणती मापं कामाची, हेही कोडच सांगू शकतो. मापं वाचणाऱ्या फंक्शनला आकडी लावा आणि त्यावरून एन्जिनएक्सची ही एक छोटी यादी तयार करा. तयार होणारी फाइल एवढी एकच, आणि तिचा क्रम सांभाळा. नवीन माप आधी एन्जिनएक्समध्ये, मग कोड. काढताना उलटं. क्रम चुकला तर १० मेची उपलब्धता १७ मे विचारणाऱ्याला दिसेल.

किल्लीत 'यूआरआय' हे एन्जिनएक्सचं पत्त्याचं चल (व्हेरिएबल) वापरू नका, 'रिक्वेस्ट-यूआरआय'मधून भाग कापून घ्या. पीएचपीच्या मांडणीत विनंती आतल्या आत मुख्य फाइलकडे वळवली जाते आणि त्यानंतर 'यूआरआय'मध्ये सगळ्या पानांसाठी तीच फाइल असते. परिणाम असा की दर उघडा, होमस्टे उघडा, सगळीकडे पहिलं साठलेलं पान. 'सगळ्या साइटवर एकच पान दिसतंय' अशी तक्रार आली तर आधी इथेच बघा.

डेटा बदलला की जुनं पान काढायचं कसं? खुल्या एन्जिनएक्समध्ये खुणेवरून पानं काढायची सोय नाही. व्हार्निश या कॅश-सर्व्हरमध्ये 'एक्स-की' मॉड्यूलने ती मिळते, आणि साइट मोठी असती तर मी तेच सुचवलं असतं. एका सर्व्हरला साधा मार्ग पुरतो. पान तयार होताना कोड 'खूण आणि पत्ता' अशी जोडी एका टेबलात लिहितो. दर बदलला की त्या खुणेचे पत्ते काढून सर्व्हर स्वतःच ती पानं मागतो, सोबत गुप्त हेडर लावून. 'कॅश-बायपास' त्या हेडरवर बांधलेलं असतं, त्यामुळे पान कॅशमधून न येता ताजं येतं आणि जुन्याच्या जागी साठतं. काढून टाकण्याऐवजी बदलून ठेवणं, त्यामुळे मधल्या वेळात कुणालाही रिकामं कॅश लागत नाही. ताजा प्रतिसादच ५०० त्रुटीचा (सर्व्हरवरची चूक) आला तर जुनं पान तसंच राहतं, म्हणून प्रतिसादाचा क्रमांक तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा.

यात एक शर्यत लपलेली आहे. बदल डेटाबेसमध्ये पक्का होण्याआधी पान ताजं केलं तर जुनाच दर पुन्हा साठतो. त्यामुळे व्यवहार पक्का झाल्यावरच हे चालवा. तरीही त्याआधीच सुरू झालेली एखादी संथ विनंती नंतर संपून जुनं पान वर ठेवू शकते. म्हणून तेच काम ५ सेकंदांनी पुन्हा एकदा करा, किंवा तुमचं सर्वांत संथ पान जितका वेळ घेतं त्याहून थोडं जास्त थांबून. नवीन कोड चढवल्यावर सगळं कॅश एकदम रिकामं करू नका. आधी सर्वाधिक मागणीची वीसेक पानं ताजी करा. मर्यादेतही १० टक्के इकडेतिकडे यादृच्छिक करा, म्हणजे सगळी पानं एकाच सेकंदाला मरत नाहीत.

ब्राउझरमधलं कॅश ही वेगळी गोष्ट आहे, तिथे तुमचा हात पोचत नाही. समुद्र खवळला, बंदरातून फेरी बंद झाली, तुम्ही सर्व्हरवरचं पान दोन सेकंदांत बदललंत. पण ब्राउझरला तास दिला असेल तर तारकर्लीत बसलेल्या पाहुण्याचा मोबाइल तासभर जुनंच वेळापत्रक दाखवेल आणि तो जेट्टीवर जाऊन उभा राहील. एचटीएमएल पानांना ब्राउझरसाठी 'नो-कॅश' द्या. नावावरून वाटतं तसा त्याचा अर्थ 'ठेवू नको' असा नाही, 'ठेव, पण वापरण्याआधी विचार' असा आहे. सोबत 'ई-टॅग' (पानाच्या आवृत्तीची ओळख) दिला की बदल नसेल तेव्हा पूर्ण पानाऐवजी नुसता ३०४ ('बदल नाही') जातो. घाटात एकच काडी रेंज असताना हा फरक जाणवतो. खासगी पानांना मात्र 'नो-स्टोअर'.

हे चढवण्याआधी पानं फुटत नाहीत ना, हे यंत्राकडूनच तपासून घ्या. चाचणीचं एक खातं उघडा आणि त्याला कुठेही न आढळणारं नाव द्या, समजा 'सुकटबोंबील७३१'. त्या खात्याने साइटवरची सगळी पानं उघडायची, मग पाहुणा म्हणून कोऱ्या कुकीने तीच पानं उघडून हे नाव शोधायचं. एकदाही सापडलं तर कोड चढत नाही. पाहुणा म्हणून दोनदा, वेगवेगळ्या कोऱ्या कुकीने उघडलेल्या पानांतही फरक शोधा. तिथे टोकन, वेळ किंवा कार्टचा आकडा उरलेला सापडतो. फरक दिसला तर पान सामायिक नाही हे सिद्ध होतं, पण फरक नाही दिसला म्हणून सामायिक आहे हे सिद्ध होत नाही. त्यामुळे या चाचणीवरून नियम बनवू नका, आकडीने काढलेला नियम तिच्याकडून तपासा. तिसरी चाचणी खात्याच्या पत्त्याला बनावट शेपूट लावायची, जणू ती सीएसएस फाइल आहे. उत्तर ४०४च ('पान सापडलं नाही') यायला हवं. ओमर गिल या संशोधकाने २०१७मध्ये दाखवलेला हल्ला हाच: सर्व्हर खात्याचं पान देतो आणि कॅश त्याला शैलीची फाइल समजून सगळ्यांसाठी ठेवतं.

लॉगमध्ये 'अपस्ट्रीम-कॅश-स्टेटस' (पान कॅशमधून आलं की नाही) लिहा आणि रोज पानाच्या प्रकारानुसार मोजा. एकाच पत्त्याला प्रत्येक वेळी 'मिस' (कॅशमध्ये नव्हतं) येत असेल तर आधी सेट-कुकी बघा. निरनिराळ्या पत्त्यांना 'मिस' असेल तर किल्लीत शेपटी शिरली आहे. 'एक्सपायर्ड' जास्त म्हणजे मर्यादा कमी पडते किंवा पानाला गिऱ्हाईकच नाही. 'बायपास' जास्त दिसलं तर गुप्त हेडरवाली ताजी करायची कामं मोजा. एखादं टेबल मिनिटाला दहादा लिहिलं जात असतं, बहुधा भेटींचा आकडा त्याच टेबलात ठेवल्यामुळे. तो स्तंभ वेगळ्या टेबलात काढा.

हे सगळं हंगामात चढवू नका. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या की पहिला आठवडा आकडी नुसती लॉगमध्ये लिहू द्या, साठवणं बंद ठेवून. कोणतं पान खासगी ठरतं आणि का, हे त्या आठवड्यात कळतं, आणि निम्मी पानं पहिल्या दिवशी खासगीच निघतील. आत्ता एप्रिल चालू असेल तर तोवर एकच करा. दराचं पान सेशनशिवाय चालेल असं वेगळं काढा, त्याला ५ सेकंदांची मर्यादा, लॉक आणि 'अपडेटिंग' लावा, बाकी साइटला हात लावू नका.